शिकवून झालं, पण आलं का?

‘सर, बाई रोज शिकवतात, वह्या पूर्ण आहेत, क्लासही लावलाय, तरी पेपरात काही येत नाही. दुसरा क्लास बघू का?’ प्राथमिक शाळेतल्या मुलांचे पालक भेटले की हा प्रश्न ठरलेला. विचारणारे कधी रिक्षा चालवतात, कधी बँकेत अधिकारी असतात, प्रश्न तोच. बहुतेकांच्या मनात उत्तरही तयार असतं: शिकवणं कमी पडतंय, तेव्हा आणखी कुणीतरी शिकवायला हवं.

आम्ही शिक्षकही या समजुतीला खतपाणी घालतो. ‘पोर्शन पूर्ण झाला’ हे पालकसभेत छाती पुढे काढून सांगितलं जातं. पण पूर्ण होतो तो शिक्षकाचा पोर्शन. वही पूर्ण असली तर फळ्यावरचं उतरवून घेतलं, एवढंच कळतं. त्यातलं मुलाला काय आलं हे वेगळं पाहावं लागतं, आणि ते न पाहता लावलेला क्लास म्हणजे निदानाआधीचं औषध. ते पाहायचं कसं आणि पाहिल्यावर काय करायचं, एवढ्यापुरताच हा लेख आहे. पहिली ते आठवीतल्या मुलांचे पालक डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

आधी घरी पाहा: वाचन

सुट्टीच्या दिवशी अर्धा तास काढा. परीक्षा घेतल्याचा आव आणू नका, शेजारी बसून गप्पा मारत पाहा.

- उतारा मुलाने आधी न वाचलेला घ्या, आणि एक इयत्ता खालचा घ्या. पाठ्यपुस्तकातला धडा नको. ऐकून ऐकून तो पाठ झालेला असतो, आणि कित्येक मुलं पानावर नजर नसतानाही घडाघडा ‘वाचतात’. शंका आली तर शेवटच्या ओळीपासून वर वाचायला सांगा. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्यातली एखादी छोटी गोष्ट चालेल.
- मोबाइलवर एक मिनिट लावा आणि शब्द मोजा. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं लक्ष्य ठरवलेलं आहे. पाच-दहा शब्द इकडेतिकडे झाले तर घाबरू नका. पण पाचवीतलं मूल पंचवीस शब्दांवर रेंगाळत असेल, तर त्याचा इतिहास कच्चा नाही, वाचन कच्चं आहे. बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते हाती घ्या.
- अडखळतं कुठे, ते कागदावर टिपा. जोडाक्षरावर? ‘पर्वत’मधला रफार ‘प्रवास’सारखा वाचतं का? की अक्षरं लागतात, पण शब्द जुळत नाही? तिन्हींवरचे उपाय निरनिराळे आहेत.
- पुस्तक मिटून ‘काय झालं गोष्टीत?’ विचारा. उच्चार स्वच्छ आणि अर्थ शून्य, असं वाचन भरपूर आढळतं.

गणित: चुकीचं उत्तर नीट वाचा

इथे जरा थांबू, कारण सगळ्यांत जास्त क्लास गणितासाठीच लावले जातात. मुलाला एकच वजाबाकी घाला: ४०३ − १५७. उत्तर २४६. आता चुकलेली उत्तरं पाहा.

एका मुलाने लिहिलं ३५४. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: ७ मधून ३, ५ मधून ०, ४ मधून १. खालचा अंक मोठा असला तरी त्याच्या लेखी काही अडत नाही, उलटं करून मोकळा. या मुलाला हातचा घ्यायचा कशासाठी हेच कळलेलं नाही.

दुसरीने लिहिलं २५६. तिला हातचा येतो. शतकातून एक घेऊन तिने शून्याचे दहा केले, त्यातला एक दशक एककाला दिला, पण मागे दहाचे नऊ करायला विसरली. मधे शून्य आलं की तेवढंच चुकतं. हिला पहिलीपासूनचं गणित पुन्हा शिकवणं म्हणजे तिचा आणि तुमचा वेळ घालवणं.

तिसऱ्याचं उत्तर बरोबर. पण ‘मीनाकडे ४०३ मणी आहेत, सलीमकडे १५७. मीनाकडे किती जास्त?’ असं विचारलं की तो ५६० लिहितो. ‘जास्त’ दिसलं की बेरीज, असा नियम त्याने आपल्यापुरता बसवून घेतला आहे, कदाचित कुणीतरी तो शिकवलाही असेल. याचं गणित ठीक आहे. उदाहरणाची भाषा त्याला उलगडत नाही.

तिघांच्या पेपरावर लाल फुलीच पडते. तिघांना एकाच क्लासला घालून तीच वजाबाकी फळ्यावर पुन्हा करून दाखवली, तर कदाचित दुसरीला थोडा फायदा होईल. पहिल्याला आणि तिसऱ्याला बहुधा नाही. म्हणून पेपर घरी आला की गुणांच्या आधी चुका पाहा आणि मुलाला शांतपणे विचारा, ‘हे तू कसं केलंस, सांग बरं.’ तो जे सांगेल त्यातच पुढचा धडा असतो.

२५६ लिहिणाऱ्या मुलीला मदत अशी करता येईल: शंभराच्या चार नोटा आणि एक रुपयाची तीन नाणी तिच्या हातात द्या आणि १५७ रुपये मागा. सुटे नाहीत म्हणून ती अडेल. मग एका नोटेचे दहाच्या दहा नोटांत सुटे, त्यातल्या एकीची दहा नाणी. आता तिच्यापुढे शंभराच्या तीन, दहाच्या नऊ नोटा आणि तेरा नाणी आहेत. नऊ का उरल्या, हे तिच्या हातातच आहे. तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही.

मराठीत शिकणाऱ्या लहान मुलांचा आणखी एक अडसर पालकांच्या लक्षात येत नाही. बावन्न ऐकल्यावर मूल २५ लिहितं, कारण ऐकताना दोन आधी येतात आणि लिहिताना पाच. एकोणचाळीस म्हटलं की ४९ लिहितं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! चर्चा विधानसभेत पोहोचली आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना खुलासे करावे लागले. जुनी नावं घालवायची का, हा वाद बाजूला ठेवा. तुमचं मूल अंक उलटे लिहीत असेल, तर त्याला ‘पन्नास आणि दोन, बावन्न’ असं काही दिवस मोठ्याने म्हणू द्या. ते मठ्ठ नाही, आपली अंकांची नावंच तशी आहेत.

शाळेची भाषा अडते आहे का?

चाचणी सोपी आहे. मुलाला न आलेलं उदाहरण तुम्ही वाचून दाखवा, घरी बोलता त्या भाषेत. घरी अहिराणी, कोरकू, वारली असेल तर तीत. सेमी इंग्रजीच्या मुलाला मराठीत. लगेच सुटलं, तर विषय येतो, भाषा अडते.

असं झालं म्हणून लगेच माध्यम बदलायला धावू नका. त्या विषयातले पंधरा-वीस कळीचे शब्द घेऊन बसा, दोन्ही भाषांत उदाहरणं करून घ्या. मात्र चौथी-पाचवीपर्यंत प्रत्येक विषयात हीच गत असेल, तर माध्यमाचा विचार गांभीर्याने करा. शेजारच्यांनी काय केलं, यावरून तो निर्णय घेऊ नका.

घरी शिकवताना

बहुतेक घरांत हे असं चालतं: आई-बाबा समजावून सांगतात, मग विचारतात ‘समजलं का?’ मूल ‘हो’ म्हणतं, कारण ‘नाही’ म्हटलं तर तेच सगळं पुन्हा ऐकावं लागणार. दहा मिनिटांत तुम्ही चार वेळा समजावलेलं असतं आणि मुलाने पेन्सिलसुद्धा उचललेली नसते.

- कमी बोला. एक उदाहरण करून दाखवा, दुसरं मिळून करा, तिसरं त्याच्यावर सोपवा. तिसऱ्याच्या वेळी हात मागे बांधून बसा. हे सगळ्यांत कठीण आहे.
- ‘समजलं का?’ऐवजी ‘आता तू मला शिकव’ म्हणा.
- आज आलेलं उद्या विचारा, मग आठवड्याने. पुस्तक मिटून आठवणं हा अभ्यासाचा फार दणकट प्रकार आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेल्या प्रयोगात तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे निघाले. आदल्या रात्री ‘सगळं येतंय’ आणि पेपरात कोरं, याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.
- चुकलेलं दहा वेळा लिहायला लावू नका. तिसऱ्या वेळेपासून फक्त हात चालतो.
- पाठांतराचा तिरस्कार नको. पाढे पाठ हवेतच. नाहीतर भागाकार करताना सगळं डोकं सात आठे किती यातच अडकतं. फक्त विचारताना ओळीने विचारू नका, मधूनच विचारा. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी-निमकी मुखोद्गत होती, पण ती रोज बाजारात वापरलीही जायची, हे विसरलं जातं.
- एका बैठकीत एकच गोष्ट. हातचा, शुद्धलेखन आणि अक्षर, तिन्ही एकाच संध्याकाळी सुधारायला गेलात, तर रडारड नक्की.

शाळेत जाऊन काय विचाराल

‘कसा आहे हो अभ्यासात?’ या प्रश्नाला ‘ठीक आहे, थोडं लक्ष द्या’ याखेरीज उत्तर नाही. प्रगतिपुस्तकातूनही फार हाती लागत नाही. त्यातली श्रेणी आकारिक आणि संकलित मूल्यमापन एकत्र करून येते. प्रकल्प, तोंडी काम, लेखी परीक्षा सगळं एका अक्षरात कोंबलेलं. वर्णनात्मक नोंदी तर ‘नियमित उपस्थित राहतो, उपक्रमात सहभागी होतो’ अशा साच्यातल्या असतात.

घरी जे टिपलं ते घेऊन जा आणि नेमकं बोला. ‘बाई, हिला हातच्याची वजाबाकी येते, पण मधे शून्य आलं की चुकते. वर्गातही असंच होतं का?’ असं विचारणाऱ्या पालकाशी शिक्षक वेगळ्या तऱ्हेने बोलतात, हे मी खात्रीने सांगतो. पुढचे प्रश्न कामाचे आहेत:

- या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींपैकी, म्हणजे वर्षाअखेर मुलाला यायला हव्यात त्या गोष्टींपैकी, कोणत्या त्याला अजून आलेल्या नाहीत? (बालभारतीच्या बहुतेक पुस्तकांत त्या सुरुवातीच्या पानांवर छापलेल्या असतात. जाण्याआधी वाचा.)
- पायाभूत चाचणीत कोणते प्रश्न चुकले? ही चाचणी मागच्या इयत्तेच्या अभ्यासावर असते, त्यामुळे जुनी भोकं तीत चांगली दिसतात. तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला मागा.
- त्यासाठी शाळेत काय करणार, आणि घरी आम्ही काय करू?
- पुन्हा कधी भेटू? महिन्याभराची तारीख घेऊनच उठा.

भेट पालकसभेच्या गर्दीत नको, वेगळी वेळ मागून घ्या. आणि शिक्षकाची बाजूही लक्षात असू द्या. दोनशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता असतात, आणि माहिती भरण्याची कामं संपत नाहीत. तुमच्या मुलाचं काय चुकतं हे त्यांना दिसत नाही असं नसतं. दिसलेल्यावर काम करायला तास पुरत नाही.

क्लास लावावा का?

अडचण कुठली आहे, त्यावर ठरवा.

- एखादाच मुद्दा अडलाय: क्लास नको. शिक्षक आणि तुम्ही मिळून दोन-तीन आठवड्यांत तो सुटतो.
- मूल दोन इयत्ता मागे आहे: त्याच इयत्तेचा मोठा क्लास लावलात तर शाळेत न कळलेलं संध्याकाळी पुन्हा एकदा कळणार नाही, एवढंच होईल. त्याला छोटा गट हवा, इयत्तेचा नव्हे तर त्याच्या पातळीचा. ‘प्रथम’ संस्थेने देशभर हेच केलं: इयत्ता बाजूला ठेवून अक्षर वाचणारी, शब्द वाचणारी, उतारा वाचणारी असे मुलांचे गट पाडले.
- येतं, पण वेळेत होत नाही: घड्याळ लावून जुने पेपर सोडवणं पुरेसं आहे.
- घरी बघायला कुणीच नाही: मग शिकवणी लावण्यात गैर काही नाही. पण ती मूल सांभाळण्याची सोय आहे की शिकण्याची, हे मनाशी स्पष्ट ठेवा.

क्लासवाल्यांना विचारा: मुलाला काय येत नाही हे पहिल्या आठवड्यात कसं शोधाल? एका बॅचमध्ये किती मुलं? चुकलेल्या उत्तराचं पुढे काय करता? महिन्याने मला काय दाखवाल? ‘शाळेच्या आधी आमचा पोर्शन संपतो’ ही जाहिरात असेल तर तिथून उठा. असं मूल शाळेत ‘हे झालंय’ म्हणून ऐकत नाही आणि क्लासला भरभर पुढे गेल्यामुळे तिथेही पकडत नाही. वर्षाची फी एकदम भरू नका.

कायद्याने तुम्हाला काय दिलंय

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशांपलीकडे त्यात काय आहे, हे फार थोड्या पालकांनी वाचलेलं असतं. ६ ते १४ वयोगटासाठी त्यातल्या या गोष्टी माहीत असू द्या:

- कलम २४: अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहेच. पण लगेच पुढच्या उपकलमात, प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा मार्गदर्शन देणं हेही कर्तव्य म्हणून सांगितलं आहे. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची प्रगती सांगणं, हेसुद्धा. पोर्शनची सबब कुणी सांगितली तर हे कलम दाखवा.
- कलम १६: २०१९च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा घेता येते आणि महाराष्ट्रात ती आता होते. मूल अनुत्तीर्ण झालं तर जादा मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, हा त्याचा हक्क आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे मार्गदर्शन खरंच होतंय ना, ते जाऊन पाहा.
- कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी. वर्गासमोर ‘मठ्ठ’ म्हणून उभं करणं यातच येतं असं माझं मत.
- कलम २८: शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायची नाही. ‘माझ्याकडे क्लासला पाठवा’ असा आग्रह वर्गशिक्षकच करत असतील, तर तो सरळ नियमभंग आहे.
- कलम २१: सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बैठकीत इमारतीच्या रंगावर तास जातो. मुलांच्या वाचनावरही अर्धा तास ठेवायला सांगा.

तक्रार करायची वेळ आली तर आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेचा शिक्षण विभाग. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार दिली की तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो; तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका. एक मेख मात्र आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानुसार हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही. तिथे प्रवेश घेताना शाळेचे नियम आधी वाचा.

सगळं करूनही अडत असेल तर

पहिली पायरी डोळे आणि कान. फळा दिसत नाही हे मूल सांगत नाही, कारण सगळ्यांना तसाच दिसतो असं त्याला वाटतं. शेवटच्या बाकावरून पुढे बसवल्यावर फरक पडला, तर डॉक्टरांकडे जा.

पहिलीतल्या मुलाने अक्षरं उलटी काढली म्हणून घाबरू नका. त्या वयात ते सर्रास होतं. पण तिसरी-चौथीत, नियमित सराव होऊनही, बोलण्यात हुशार असलेलं मूल वाचन, लेखन किंवा आकडेमोडीत ठराविक ठिकाणीच अडत असेल, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. तोवर त्याला आळशी म्हणणं आधी थांबवा. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात या अक्षमतेचा समावेश आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक या महापालिका रुग्णालयात तपासणी होते. तिथे वेळ मिळायला थांबावं लागू शकतं, म्हणून नाव लवकर नोंदवा. प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यांचा अर्ज शाळेमार्फतच मंडळाकडे जातो, तेव्हा दहावीचे फॉर्म भरायची वाट न पाहता नववीतच मुख्याध्यापकांशी बोलून कागदपत्रं तयार ठेवा.